गोजाआजीची मूठ

कोळथ्याच्या बंधाऱ्यावर चिंचेचा एक वाळका बुंधा आहे. फार वर्षांपूर्वी तो बुंधा हिरवीगार चिंच होता आणि त्या चिंचेखाली अख्खं गाव मावत होतं, तेव्हाची ही गोष्ट. ती बसून ऐकायची, कारण ती बसण्याचीच गोष्ट आहे.

तेव्हा कोळथ्यात दोन आळ्या होत्या. एक वरली आळी, एक खालली आळी. नदी एक, बंधारा एक आणि पाटही एक. पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या होत्या. चिंचेखाली पाण्याने भरलेलं घंगाळ असायचं आणि त्यात तांब्याची एक वाटी सोडायची. वाटीच्या बुडाला बारीक भोक. भोकातून पाणी आत यायचं आणि वाटी हळूहळू जड होऊन बुडायची. वाटी बुडाली की थाळी वाजवायची. थाळी वाजली की पाटाची फळी फिरवायची आणि पाणी दुसऱ्याच्या शेतात जायचं. आणि वाटीपाशी बसायचं कोणी? तर ज्याची पाळी त्याच्याच घरच्याने. दुसऱ्याने पहारा ठेवायचा नाही. कोळथ्याची माणसं पाहुण्यांना हे छाती फुगवून सांगायची. असं गाव मुलखात नाही, असं तेव्हा म्हणत.

बंधाऱ्याजवळ गोजा कुंभारीण राहायची. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. तिचं घर वरल्या आळीत नव्हतं की खालल्या आळीत नव्हतं. एका वर्षी नदी आटली आणि दोन्ही आळ्या काठ्या घेऊन बंधाऱ्यावर भिडल्या. त्या हाणामारीत गोजाचं चाक मोडलं, भाजलेली मडकी फुटली. एकच मोठं मडकं शाबूत राहिलं. गोजा ते डोक्यावर घेऊन काठ्यांच्या मधोमध गेली आणि बसली.

"मारा," ती म्हणाली. "पण आधी जेवा. उपाशी पोटी मारलेली काठी नीट बसत नाही."

माणसं हसली. एकदा हसल्यावर पुन्हा काठी उचलणं जड जातं. तिने प्रत्येक घरातून मूठभर धान्य आणायला लावलं. बाजरी, हरभरा, मटकी, ज्याच्या घरी जे असेल ते. सगळं एकत्र शिजवलं आणि घुगऱ्या होईपर्यंत दोन्ही आळ्यांना बोलायला लावलं. त्या दिवसापासून भांडणं गोजापुढे येऊ लागली.

तिची रीत वेगळी होती. तिच्यापुढे बसलेल्याने स्वतःचं गाऱ्हाणं सांगायचंच नाही. स्वतः समोरचा होऊन त्याचं गाऱ्हाणं सांगायचं. ते असं सांगायचं की समोरच्याने मान हलवून म्हणावं, हो, हेच माझं दुखणं. ज्याची जखम मोठी त्याने आधी सांगायचं. आणि दोघांचं सांगून होईपर्यंत दोघांनी आणि गोजाने त्या एकाच मडक्यातलं खायचं, बाहेरचा घास घ्यायचा नाही. धान्य गावाचं, प्रत्येक घरातून एक मूठ. श्रीमंताची एक आणि गरिबाचीही एकच.

जिवाजी पाटील एकदा म्हणाला, "आजी, दारोदार मुठी कशाला गोळा करतेस? मी वर्षाचं पोतं टाकतो."

गोजा म्हणाली, "पाटील, मग मडकं तुमचं होईल. आणि तुमच्या मडक्याला तुमच्याच शेताची चव येईल."

पाटील रागाने उठून गेला. असं म्हणतात की गोजाने पुष्कळ वर्षं हे मडकं शिजवलं आणि तेवढी वर्षं कोळथ्यातून कोणी कचेरीची पायरी चढलं नाही.

आता राणू आणि केरूचं ऐका.

हे दोघे भाऊ वरल्या आळीचे. आईबाप पटकीच्या साथीत गेले तेव्हा केरू रांगत होता. राणूने त्याला खांद्यावर घेऊन नांगर धरला. पुढे राणूचं लग्न झालं, ठकू घरात आली आणि तिनेही दिराला आपल्या ताटातलं भरवलं. केरू वाढला तो आडदांड. शाळेत चार दिवस गेला आणि पंतोजीच्या अंगावर पाटी भिरकावून घरी आला. मनात आलं की हात चालायचा, मग डोकं.

राणू म्हणायचा, "केऱ्या, तुझं डोकं म्हणजे उतू जाणारं दूध. कायम कोणीतरी जवळ उभं पाहिजे."

"तू आहेस की उभा," केरू म्हणायचा.

राणू गावात एका गोष्टीसाठी ओळखला जायचा. तो खोटं बोलत नसे. बैल विकताना बैलाची खोड आधी सांगायचा. लोक त्याला हसायचे आणि बैल त्याच्याकडूनच घ्यायचे.

त्या वर्षी गहू चिकात आला, आणि ऐन दाणा भरायच्या वेळी पाणी कमी पडलं. राणूची पाळी होती. राणू खाली पाटावर फळीपाशी होता आणि केरू चिंचेखाली वाटीपाशी. केरूने पाहिलं, वाटी भरत आली होती आणि अजून निम्मं शेत कोरडं होतं. शेजारीच गोजाने मडक्यांसाठी मळून ठेवलेला चिखल होता. केरूने त्यातला एवढासा नखावर घेतला आणि वाटीच्या भोकाला लावला. विचार केला नाही. दादाचा गहू भिजेल एवढंच मनात होतं. वाटी तरंगत राहिली.

खालल्या आळीचा गेनू आपल्या वाफ्यात पाण्याची वाट बघत उभा होता. त्याचा गहू माना टाकत होता. ऊन चिंचेच्या शेंड्यावरून कलंडलं, तरी थाळी वाजेना. तो फावडं घेऊन वर आला.

"राणू, फळी फिरव. माझी पाळी झाली."

"थाळी वाजली नाही, गेनू. वाटी बुडाली की वाजेल."

"उन्हाकडे बघ! चोरी करतोस होय? मोठा खऱ्याचा पुतळा!"

राणूला आयुष्यात कोणी चोर म्हटलं नव्हतं. त्याने गेनूच्या छातीला हात लावून त्याला मागे ढकललं. गेनूने फावडं फिरवलं. फावड्याची कड राणूच्या कानामागे बसली.

केरू ओरडा ऐकून धावला. राणू पाटात पडला होता आणि पाणी त्याच्या डोक्यावरून लाल होऊन त्याच्याच गव्हात चाललं होतं. राणू एवढंच म्हणाला, "केऱ्या, वाटी बुडाली का रे?" आणि गेला.

केरू परत चिंचेखाली आला तेव्हा चिखल पाण्याने विरघळला होता आणि वाटी घंगाळाच्या तळाशी होती. कोणी काही पाहिलं नव्हतं. त्या वर्षी राणूच्या शेतात गहू असा आला की ओंबीला ओंबी घासत होती. ठकूने त्यातला दाणाही घरात घेतला नाही. सगळा गहू पाखरांनी खाल्ला आणि पाखरं शेतातच मरून पडली, असं म्हणतात.

मग कचेरी आली. तालुक्याला वरल्या आळीने एक वकील केला, खालल्या आळीने दुसरा. तारखेला बैलगाड्या भरून माणसं जायची आणि तारीख पुढे गेली की परत यायची. दोन्ही आळ्यांतलं धान्य वकिलांच्या दारात रिकामं झालं. साक्षीदार आज एक म्हणाले, उद्या दुसरं. शेवटी साहेबाने कागद मिटले आणि गेनू मोकळा झाला. केरूला कोणी विचारलंच नाही की तू कुठे होतास. त्याला वाटायचं कोणीतरी विचारावं. आणि कोणी विचारलं असतं तर त्याने त्याचा गळा धरला असता.

गेनू परत आला त्या सकाळी केरू अंगणात कोयत्याला धार लावत बसला. ठकू उंबऱ्यात उभी होती.

"भावजी, काय करताय?"

"ऊस तोडायचाय."

"आपल्याकडे ऊस नाही," ठकू म्हणाली. ती आत गेली आणि मागच्या दाराने गोजाकडे गेली.

गोजा तेव्हा फार म्हातारी झाली होती. काठी टेकत आली आणि केरूच्या वाटेत आडवी बसली.

"ऊठ, आजी."

"तूच बस. गेनूला निरोप धाडलाय. तोही येतोय चिंचेखाली."

"मी त्याचं तोंड बघणार नाही!"

"मग कोयता कसा मारशील, मुडद्या? डोळे मिटून?"

केरूला तिला ओलांडून जाता आलं असतं. पण म्हाताऱ्या बाईला ओलांडायला त्याचा पाय उचलेना. तो चिंचेखाली गेला. कोयता बरोबर घेऊनच गेला.

गेनू येऊन बसला होता. घंगाळ भरलेलं होतं. गोजाने तीच वाटी पाण्यात सोडली आणि गावाला हाक दिली, मूठ आणा.

कोणी आलं नाही.

वरली आळी म्हणाली, आमच्या पोराला मारणारा आमच्या दाण्यावर जेवणार? खालली आळी म्हणाली, कचेरीने सोडलं, आता पुन्हा बसणं कशाचं? काही घरांत खरंच काही नव्हतं. आणि ज्यांच्या घरी होतं त्यांना वाटलं, आपली एक मूठ नाही पडली तर काय होतंय, बाकीचे घालतील. वकिलाला पोती देताना हात कचरला नव्हता, पण मूठ उचलेना. मडकं रिकामं राहिलं.

जिवाजी पाटलाने पुन्हा निरोप धाडला. आता तरी माझं पोतं घे. गोजाने पुन्हा नाही म्हटलं. गावाच्या मुठी पडल्याशिवाय ती चूल पेटवणार नव्हती आणि बसणं मोडणारही नव्हती.

रोज सकाळी केरू आणि गेनू यायचे आणि समोरासमोर बसायचे. केरूने आधी सांगायचं होतं, कारण जखम त्याची मोठी. गेनूचं दुखणं, केरूच्या तोंडाने. तो म्हणायचा, "याचं दुखणं काय? हा खुनी!" गोजा मान हलवायची. हे नव्हे. दुसऱ्या दिवशी म्हणायचा, "याला पाणी पाहिजे होतं." गेनू तोंड फिरवायचा. हे अर्धं. मग केरू मुठी आवळायचा, आणि ऊन उतरलं की दोघे आपापल्या घरी जायचे. गोजा मात्र तिथेच, चिंचेला टेकून.

आणि वाटी बुडत नव्हती. वाऱ्याने हलायची, काठाला लागून टणकन वाजायची, पण बुडायची नाही. लोकांनी ती उचलून पाहिली. भोक मोकळं होतं, त्यातून आभाळ दिसत होतं. परत सोडली तर कोरडीच तरंगू लागली. असं म्हणतात की त्या दिवसांत पाटातलं पाणीही जागच्या जागी उभं राहिलं, ना वर ना खाली. केरू त्या वाटीकडे पाठ करून बसायचा.

एका सकाळी तो आला आणि गोजाने त्याच्याकडे पाहून विचारलं, "कांदा खाऊन आलास काय रे?"

केरू चपापला. घरी जेवणं रीतीत बसत नव्हतं. तो जेवत होता आणि गेनूही जेवत होता. हे एकमेकांना माहीत होतं आणि दोघे एकमेकांचं झाकत होते.

"चांगलं केलंस," गोजा म्हणाली. "तरण्या पोटाला उपास झेपत नाही. वास छान येतोय. जवळ ये जरा."

केरू जवळ गेला. म्हातारीने त्याच्या तोंडाजवळ नाक नेलं आणि डोळे मिटून वास घेतला. तिचा हात त्याच्या मनगटाला लागला. तो हात वाळक्या काटकीसारखा होता. केरूला राणूचा हात आठवला, पाटातून बाहेर काढला तेव्हा ओला आणि जड. त्याने कोयता फेकला. तो चिंचेच्या बुंध्यात रुतला, आणि ती खाच वाळक्या बुंध्यावर आजही दाखवतात.

तो गेनूपुढे बसला आणि बोलू लागला. या वेळी त्याने तसंच सांगितलं जसं रीतीत होतं, स्वतः गेनू होऊन.

"मी गेनू. माझा गहू माना टाकत होता. मी उन्हाकडे बघत होतो. ऊन शेंड्यावरून कलंडलं तरी थाळी वाजली नाही. मला कळलं की कोणीतरी माझं पाणी चोरतंय." तो थांबला. ठकू बघ्यांच्या गर्दीत उभी होती आणि त्याला ती दिसत होती. "मला बरोबर कळलं. चोरी होत होती. पण चोर राणू नव्हता. वाटीपाशी त्याचा भाऊ बसला होता. त्याने भोकाला चिखल लावला. राणूला ठाऊक नव्हतं. तो खरंच थाळीची वाट बघत होता."



मागे घंगाळात बुडूक असा आवाज झाला. वाटी बुडाली होती.

गेनूला कचेरीत, घरात, पडल्या पडल्या एकच आधार होता, की राणू चोर होता. तो आधार गेला. आता त्याची पाळी होती. केरूचं दुखणं म्हणजे राणू, ते त्याने सांगायचं होतं.

"मी राणू," गेनू म्हणाला. "मी चोर नव्हतो." आणि तो जमिनीवर डोकं आपटू लागला, तेव्हा खालल्या आळीच्या माणसांनी त्याला धरलं.

गोजा हळूच म्हणाली, "माती माझीच होती रे केरू. चांगली मळलेली. म्हणून लगेच चिकटली."

ठकू गर्दीतून निघून गेली. लोकांना वाटलं, ही आता विहीर जवळ करणार. पण ती परत आली. तिच्या मुठीत बाजरी होती. तिने केरूकडे पाहिलं नाही, गेनूकडे पाहिलं नाही. मडक्यावर मूठ उघडली. रिकाम्या मडक्यात दाणे पडल्याचा आवाज साऱ्या गावाने ऐकला. मग बायका घराकडे पळाल्या. वरल्या आळीतून मुठी आल्या, खालल्या आळीतून आल्या. जिवाजी पाटील स्वतः अनवाणी आला आणि त्याच्या हातातही एकच मूठ होती.

चूल पेटली. पाणी उकळलं. घुगऱ्या शिजल्या. पहिला घास गोजाचा, म्हणून केरूने पळसाच्या पानावर गरम घुगऱ्या घेतल्या, फुंकर मारून गार केल्या आणि तिच्या तोंडाशी नेल्या.

"आजी, आ कर."

गोजा चिंचेला टेकून बसली होती. डोळे उघडे होते आणि ती चुलीकडे बघत होती. पण ती गेली होती. धूर बघितला की नाही, ते कोणालाच कळलं नाही.

तिची उजवी मूठ आवळलेली होती. उचलताना ती उघडली. आत हरभऱ्याचे दाणे होते. तळहाताच्या ओलीने त्यांना मोड आले होते. ती मूठ तिच्या घरची होती. एवढ्या वर्षांत गोजाकडे कोणी मूठ मागितली नव्हती, कारण ती ना या आळीची ना त्या. एकट्या घरची मूठ शिजवायची नाही म्हणून ती सगळ्यांची वाट बघत राहिली होती आणि दाणे हातात असून उपाशी मेली.

असं म्हणतात की त्या दिवशी ते मडकं दोन्ही आळ्यांनी जेवूनही संपलं नाही. पण चव कोणाला लागली नाही.

केरू आणि गेनू पुढे मित्र झाले असं कोणी सांगत नाही. झाले नाहीत. गेनू मरेपर्यंत आधी राणूचं शेत भिजवायचा, मग स्वतःचं. केरू त्याला बंधाऱ्यावर दिसला तर दोघे बाजूला होऊन एकमेकांना वाट द्यायचे, एवढंच. केरूने पुन्हा कधी वाटीला हात लावला नाही. ठकू त्याला रोज ताट वाढायची आणि एक अक्षर बोलत नसे. केरूच्या डोक्याचे केस पिकले तेव्हा एकदा ती वाढताना म्हणाली, "मीठ हवंय का?" केरू त्या ताटावर लहान मुलासारखा रडला. तिने मीठ वाढलं आणि आत गेली.

आता नदी आटली आहे, पाट मोडला आहे आणि पाणी मोटारीने येतं. पण कोळथ्यात अजून खळ्यावरून धान्य घरी नेण्याआधी प्रत्येक घर एक मूठ बाजूला काढतं. तिला गोजाची मूठ म्हणतात. ज्याच्याकडे मोठी मळणी त्याचीही एक, ज्याने सुगीत मजुरी केली त्याचीही एक. कोणी बाहेरून येऊन पोतं देऊ केलं तर त्याला चहा पाजतात आणि परत पाठवतात. भांडण झालं की चिंचेच्या बुंध्यापाशी बसतात आणि समोरच्याचं दुखणं आपल्या तोंडाने सांगतात. मध्ये ती जुनी वाटी ठेवतात. ठेवण्याआधी दोन्ही बाजूंची माणसं ती उन्हाकडे धरून भोकातून आभाळ बघतात.

बसणं कितीही लांबलं तरी मडकं रिकामं होऊ देत नाहीत. आणि कधी झालंच, तर बुंध्यापाशी थाळी वाजते. ती थाळी ऐकली की कोळथ्यातली प्रत्येक बाई पेटलेल्या चुलीवर पाणी ओतते. मडक्यात मूठ पडेपर्यंत त्या गावात कोणाच्याही घरातून धूर निघत नाही.

गोजा एकटी उपाशी राहिली होती. पुन्हा कोणी एकट्याने उपाशी राहायचं नाही.